शार्दूलचं मोजणं

ब्रॅकनेल,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आसावरी,

मला तुझी सही हवी आहे, म्हणून हे पत्र. सोबतचा दोन पानी फॉर्म शार्दूलने भरायचा होता. तो नाही, म्हणून त्यावर तुझी किंवा दीनानाथांची सही लागेल. शाईची. फोन मुद्दाम केला नाही. नोव्हेंबरपासून तू फोनवर "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. शिवाय या बाबतीत काय बोलणं झालं ते कागदावर असलेलं बरं.

मुद्द्याचं सांगते. मी एका प्रोग्रामिंग भाषेच्या रनटाइमवर काम करते, हे तुला माहीत आहे. रनटाइम म्हणजे लिहिलेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा. ती एकट्या आमच्या कंपनीची नाही. जगभरातली माणसं आपापल्या वेळात तिच्यात सुधारणा करून पाठवतात. आम्ही सात-आठ जण त्या तपासतो, पटल्या तर घेतो, नाहीतर बंद करतो. हे सगळं बोलणं एका उघड्या मेलिंग लिस्टवर चालतं. कुणीही वाचू शकतं, आणि तिथे एकदा लिहिलेलं पुसता येत नाही.

शार्दूलने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशी एक सुधारणा पाठवली होती. रीडिंग गावातली नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी केलेली. काही कारणाने ती तेव्हा बाजूला राहिली. आता आमच्याकडची तनिषा नावाची मुलगी त्याच प्रश्नावर काम करत होती, तिला ती जुन्या नोंदींत सापडली. तिने चालवून पाहिली. ती घ्यायची असं ठरलं आहे.

नियम असा की ज्याने लिहिलं त्याने "हे माझं आहे आणि मी ते सगळ्यांना वापरायला देतो" असं लिहून द्यायचं. तो नसेल तर त्याच्या वारसाने. असा कागद नसेल तर शार्दूलच्या लिखाणातली एक ओळही घेता येत नाही. तनिषाला सगळं पहिल्यापासून स्वतः लिहावं लागेल, आणि मग नाव तिचं लागेल. २८ मार्चला या वर्षीच्या आवृत्तीचं दार बंद होतं.

त्याचा लॅपटॉप तुझ्याकडे असणार. तपासणीच्या जास्तीच्या फायली त्यात असाव्यात, त्या लागतील. लॅपटॉप परत देईन.

गुडघा कसा आहे? फिजिओकडे जातेस की नाही? दीनानाथांना नमस्कार.

सुचेता

* * *

लेस्टर,
१६ फेब्रुवारी

सुचे,

पत्र पोचलं. फॉर्म सही न करता परत पाठवते आहे. रागावू नकोस. किंवा रागाव, ते तुला कधीच अवघड गेलेलं नाही.

"काही कारणाने बाजूला राहिली" हे तू लिहिलंस? नागपूरला फिजिक्सच्या जर्नलमध्ये मी "काही कारणाने उत्तर जुळलं नाही" असं लिहिलं, तर तू मला ते पान फाडून पुन्हा लिहायला लावलं होतंस. म्हणाली होतीस, कारण माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. मला कारण माहीत आहे. शार्दूलनेच सांगितलं होतं, इथे डायनिंग टेबलाशी बसून. "आई, माझं मोजणं चुकलं असं मावशी म्हणते."

तू चूक दाखवलीस. त्याने चारचौघांत कबूल केली. संपलं. मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. आता तो गेला म्हणून तुला दया आली, आणि चुकीचं काम बरोबर ठरवून त्याच्या नावाने लावायला निघालीस? मला नको पुतळा. उद्या कुणीतरी ते उघडून बघेल आणि म्हणेल, हा कोण शार्दूल देवपुजारी, काय लिहून ठेवलंय यानं. जिवंत माणूस निदान सॉरी म्हणू शकतो.

तू असलं करणारी नव्हतीस. त्याला आम्ही लहानपणापासून सांगत आलो, सुचेतामावशीकडे लाड नाहीत. आठवतं, जीसीएसईच्या परीक्षेआधी हाफ टर्मच्या सुट्टीत आठवडाभर तुझ्याकडे मॅथ्ससाठी पाठवला होता? परत येऊन म्हणाला, "मावशी फक्त उत्तर बरोबर आलं की हसते. मी नऊ वेळा हसवलं तिला." नऊ. मोजून आला होता.

आणि खरं सांगू, ते काम सुटलं ते आम्हाला बरंच वाटलं. तोवर दर वीकेंडला यायचा आणि लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचा. जेवताना सुद्धा एक डोळा तिकडे. त्या ऑक्टोबरनंतर लॅपटॉप बॅगेतून निघेना. ह्यांच्याबरोबर शेड रंगवली. लॉन कापलं. मला बेलग्रेव्ह रोडला भाजीला घेऊन जायचा, आणि दुकानदाराशी गुजरातीत बोलून दोन कोथिंबिरी जास्त मिळवायचा. हे म्हणाले, पोरगं माणसात आलं.

लॅपटॉप आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

फिजिओ आता व्हिडिओवर असतं. स्क्रीनसमोर गुडघा वाकवायचा, हे मला पटत नाही.

आसावरी

* * *

ब्रॅकनेल,
२३ फेब्रुवारी

आसावरी,

दया नाही. तनिषाने तीन वेगवेगळ्या मशीनवर मोजलं, नंतर मी मोजलं. शार्दूलचा आकडा बरोबर आहे. चूक त्याची नव्हती, माझी होती. हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. कारण माहीत असताना मी "काही कारणाने" लिहिलं. तू पान फाडलंस ते योग्य केलंस.

आता नीट सांगते. तू अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काढलीस, तुला समजेल.

प्रोग्राममध्ये एक काम दुसऱ्या कामाला हाक मारतं. बहुतेक वेळा कुणाला हाक मारायची ते आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे वेळ लागत नाही. पण कधी कधी ते नाव ऐन वेळी येतं, चिठ्ठीवर लिहून आल्यासारखं. याला रिफ्लेक्शन म्हणतात. मग रनटाइमला ते नाव शोधावं लागतं, हाक मारणाऱ्याला तशी परवानगी आहे का ते तपासावं लागतं, सोबत दिलेल्या वस्तू ठराविक मापाच्या डब्यांत भराव्या लागतात, आणि मग हाक. तुझ्या खिडकीवर तोच पेशंट दिवसातून हजार वेळा आला आणि तू हजार वेळा त्याचं नाव, जन्मतारीख, पोस्टकोड विचारून फाइल शोधलीस, तसं. शार्दूलने असं केलं: पहिल्या काही वेळा सगळं रीतसर होऊ द्यायचं. तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा येते असं दिसलं की तेवढ्या हाकेपुरती एक थेट वाट बांधून ठेवायची. आणि परवानगी बदलली, किंवा ज्याला हाक मारायची तोच बदलला, तर ती वाट त्याच क्षणी मोडून टाकायची. वाट बांधणं पुष्कळांना सुचतं. वेळेवर मोडणं त्याने बसवलं होतं.

त्याने लिहिलं होतं की एका हाकेला आधी नव्वद नॅनोसेकंद लागायचे, आता सहा लागतात. मला तो आकडा अशक्य वाटला. नवशिक्यांची एक ठरलेली चूक असते. मोजण्यासाठी ते एकच काम कोटी वेळा करायला लावतात, आणि त्याचं उत्तर पुढे कुठेच वापरत नाहीत. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा, हुशार असतो. उत्तर कुणालाच नको आहे असं दिसलं की तो काम करतच नाही. मग माणूस रिकाम्या फेऱ्या मोजतो आणि खूश होतो. अशी शंभर प्रकरणं मी पाहिली आहेत. मी शार्दूलची पहिली फाइल उघडली, आकडा पाहिला, दुसरी फाइल उघडली नाही, आणि लिस्टवर लिहिलं: "तुम्ही रिकाम्या फेऱ्या मोजल्या आहेत. आधी मोजायला शिका. बंद करत आहे." उत्तरं त्याने वापरली होती. दुसऱ्या फाइलमध्ये.

दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी ती फाइल उघडली असती. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला आहे, म्हणून ते तसंच राहू देते. त्या वर्षी रीडिंगच्या एका मीटअपमध्ये शार्दूलने सगळ्यांसमोर मला "मावशी" अशी हाक मारली. कुणीतरी अर्थ विचारला, त्याने सांगितला, आणि एक जण हसून म्हणाला, "मग हा आता फॅमिली बिझनेस होणार तर." त्या दिवशी मी ठरवलं की याला इतरांपेक्षा एक पायरी जास्त चढायला लावायची. प्रत्यक्षात मी पायरीच काढून घेतली.

अजून एक आहे. माझा एक नियम होता. कामाचं बोलणं लिस्टवर. ओळखीच्या कुणी माझ्या घरच्या पत्त्यावर कामाबद्दल मेल केली तर ती न उघडता एका फोल्डरमध्ये टाकायची. अठरा वर्षं पाळला. लोकांना सांगायचे सुद्धा. तनिषाचे आकडे हातात आले त्या दुपारी मी ते फोल्डर उघडलं. त्यात ७ ऑक्टोबर २०२२ ची ही मेल होती. जशी आहे तशी उतरवते.

"सुचेतामावशी, नमस्कार. तुमची रिव्ह्यू वाचलो. मला वाटतं एक छोटा मिसअंडरस्टँडिंग झाली आहे. उत्तरं मी वापरतो, दुसऱ्या फाइलमध्ये, लाइन ४१ ला सगळ्यांची बेरीज होतो आणि शेवटी प्रिंट होतो. बेरीज बरोबर येते, म्हणजे काम खरंच झाली. मी तीन दिवस डबल चेक केलं कारण मला पण विश्वास नाही बसला. हे मी लिस्टवर लिहू शकलो असतो. पण तिकडे सगळे वाचतात, आणि तुम्ही मोठे आहात. सगळ्यांसमोर तुम्हाला राँग म्हणणं मला बरं नाही वाटत. तुम्हीच बघा आणि तिकडे काय ते लिहा, म्हणजे ती तुमचीच करेक्शन असेल. काही घाई नाही. आणि प्लीज आईला सांगू नका की दसऱ्याला मी सुट्टी काढून हे करत होतो. तिला ऑफिस आहे म्हणून सांगितलं. तुमचा, शार्दूल."

फॉर्म पुन्हा जोडला आहे.

सुचेता

* * *

ब्रॅकनेल,
१२ मार्च

आसावरी,

सतरा दिवस झाले, उत्तर नाही. फोन दीनानाथ उचलतात आणि "ती झोपली आहे" म्हणतात, भर दुपारी बारा वाजता. त्यांना खोटं बोलता येत नाही. तू त्यांना ते करायला लावू नकोस.

माझ्याशी बोलू नको. तो तुझा हक्क आहे. पण राग माझ्यावर आहे तो त्या फॉर्मवर निघू नये. सोळा दिवस राहिले आहेत. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की सही नसेल तर तनिषा स्वतः लिहील. तेही आता होणार नाही. ती म्हणते, "सुचेता आंटी, मी त्याचं सगळं वाचलंय. आता मी ओरिजिनल म्हणून काय लिहू? माझ्या हातून त्याचंच उतरणार." बरोबर आहे तिचं, नियमही तेच सांगतो. म्हणजे ज्याने शार्दूलचं काम कधी पाहिलंच नाही अशा कुणा तिऱ्हाइताला ते द्यावं लागेल. तो दोन वर्षांनी त्याच जागी पोचेल आणि त्याला वाटेल, इथे आपण पहिले.

मग त्या लिस्टवर शार्दूलच्या नावाचं एकच काय ते शिल्लक राहील. १९ ऑक्टोबरची माफी. "चूक माझी होती. मार्गदर्शनाबद्दल आभार." ती तिथे कायमची आहे. कुणीही शार्दूलचं नाव घालून शोधलं तर तीच समोर येते.

सुचेता

* * *

लेस्टर,
१६ मार्च

सुचे,

मी झोपलेली नव्हते. त्याची मेल ह्यांना वाचून दाखवत होते. तुझ्या अक्षरात आहे, तरी त्याचाच आवाज येतो. हे म्हणतात पुन्हा वाच, आणि "तुम्ही मोठे आहात" आलं की उठून बागेत जातात. दसऱ्याचं ऐकून मात्र हसले. म्हणाले, लबाड. त्या दिवशी मी त्याच्यासाठी श्रीखंड करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, आणि रविवारपर्यंत कुणाला हात लावू दिला नव्हता.

तू तुझं सांगितलंस. आता माझं ऐक.

त्याने मला सांगितलं होतं, "मोजणं चुकलं असं मावशी म्हणते." म्हणते. तेवढा एक शब्द मी ऐकला नाही. मग पुढच्या रविवारी तो आला. सोळा तारीख, आता कॅलेंडर काढून बघितली. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "आई, मला वाटतं मी बरोबर आहे. मावशीला लिहिलंय, पण उत्तर नाही आलं. लिस्टवर टाकू का?"

मी पोळ्या लाटत होते. वळून सुद्धा बघितलं नाही. म्हटलं, "सुचेता चुकत नसते. तुझ्या जन्माच्या आधीपासून ती हे करते आहे."

तो म्हणाला, "पण बेरीज बरोबर येते ना, आई."

मी म्हटलं, "बेरीज राहू दे. ती माझी मैत्रीण आहे. चारचौघांत तिला उलट बोललास तर मला तिला तोंड दाखवता येणार नाही. उत्तर देत नाही म्हणजे दुखावली असेल. सॉरी म्हण आणि मोकळा हो."

त्याने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. तिथेच लॅपटॉप उघडून टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं. म्हणाला, "पोलाइट आहे ना? पाठवू?" सुचे, त्याने लिहिलं होतं, "कदाचित चूक माझी असेल." मी म्हटलं, कदाचित काय? माफी मागायची तर नीट मागावी. "कदाचित" मी काढायला लावलं.

तरी त्याने लगेच पाठवलं नाही. तू एकोणीस तारीख लिहिली आहेस. म्हणजे आणखी तीन दिवस तुझ्या उत्तराची वाट बघितली.

नंतर दोन वर्षं तो लॉन कापत होता आणि आम्ही खिडकीतून बघून खूश होत होतो.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पोरगं माणसात आलं असं ते म्हणाले होते, तेवढं त्यांच्याकडे राहू दे. तुला सांगितलं, कारण तू मला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाहीस.

सही मी करीन. पण आधी तू लिहायचं. त्याच लिस्टवर, त्या माफीच्या खाली, तुझ्या नावाने, की तो बरोबर होता. गोल गोल नको. माझं काही लिहू नकोस. लिहिलंस की कळव, मी वाचीन, आणि मग फॉर्मचं बघू.

आसावरी

* * *

ब्रॅकनेल,
२० मार्च

आसावरी,

लिहिलं. काल सकाळी दहा वाजता. तीन खर्डे झाले. पहिल्याची सुरुवात "नव्याने झालेल्या मोजणीच्या आधारे" अशी होती. तनिषाला दाखवला, तर म्हणाली, "आंटी, हे एखाद्या मिनिस्टरने लिहिल्यासारखं वाटतं." मी तिला खुर्ची दिली आणि पुढचे दोन तिच्यासमोर बसून लिहिले. मराठीत सांगायचं तर ते असं आहे:

"६ ऑक्टोबर २०२२ रोजी मी शार्दूल देवपुजारी यांची सुधारणा नाकारली. तेव्हा मी त्यांची दुसरी फाइल उघडली नव्हती. त्यांचं मोजणं बरोबर होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला तसं कळवलं होतं, ते मी वाचलं नाही. वर दिसते ती माफी त्यांनी मागायची काहीच गरज नव्हती, ती मी मागायला हवी होती. शार्दूल १२ नोव्हेंबर २०२४ रोजी रीडिंगमध्ये वारले. ते पस्तीस वर्षांचे होते. सुचेता हरदास."

संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी उत्तर दिलं. बहुतेकांनी दुःख व्यक्त केलं. दोघांनी मात्र लिहिलं की त्यांनी तेव्हाच दुसरी फाइल पाहिली होती आणि त्यांना तो बरोबर वाटला होता. पण मी बंद केल्यावर विचारायचं कसं, म्हणून ते गप्प राहिले. दोघंही माझ्यापेक्षा हुशार आहेत. मी एवढी वर्षं ज्याला शिस्त म्हणत होते त्याने आणखी काय काय बंद झालं असेल, याची यादी करायला घेतली आहे. तपासणीचं काम सोडून द्यावं असं मनात आलं होतं. ते फार सोपं झालं असतं. सोडलं नाही. आता प्रत्येकाची प्रत्येक फाइल उघडते. काम दुप्पट झालं आहे, आणि तनिषा म्हणते मी फार हळू झाले आहे.

"कदाचित"बद्दल. तू विचारलं नाहीस, पण विचारण्यासाठीच लिहिलं आहेस. ती माफी आली तेव्हा मी वाचली होती, आणि उत्तरात एक शब्द लिहिला होता: "नोंदवलं." त्यात "कदाचित" असतं तर मी थांबले असते का, दुसरी फाइल उघडली असती का, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. कदाचित उघडली असती. तुला बरं वाटावं म्हणून "नसती" असं मी लिहिणार नाही. पण ती फाइल उघडणं हे माझं काम होतं. तुझं नव्हतं आणि त्याचंही नव्हतं. हे मात्र खात्रीने सांगते.

आठ दिवस आहेत.

सुचेता

* * *

लेस्टर,
२२ मार्च

सुचे,

वाचलं. ह्यांनी आयपॅडवर शोधून काढलं. मोठ्याने वाचत होते, "हिज मेजरमेंट वॉज करेक्ट," मग चष्मा पुसून पुन्हा तेच. मला म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? ते कधीच काही म्हणत नव्हते. मी हो म्हटलं.

लॅपटॉप मी पोस्टाने पाठवणार नाही. आजकाल पार्सल शेजारच्याच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकून जातात. बुधवारी ये. स्टेशनहून टॅक्सी कर, बसच्या भानगडीत पडू नकोस. सही तुझ्यासमोर करीन. ह्यांच्यासमोर त्या रविवारचा विषय काढायचा नाही.

जेवायला थांबू नकोस. रागाने म्हणत नाही. तू टेबलाशी बसलीस आणि मी ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटते आहे, हे मला अजून जमणार नाही. चहा होईल.

आसावरी

* * *

देण्याघेण्याची नोंद

लेस्टर, देवपुजारी यांचं घर. बुधवार, २६ मार्च २०२५, दुपारी पावणेदोन ते सव्वातीन. हजर: आसावरी, दीनानाथ, मी.

मी घेतलं:

फॉर्म, दोन पानं. सही आसावरी देवपुजारी. साक्षीदार म्हणून दीनानाथ देवपुजारी. "मृताशी नातं" या रकान्यात आसावरीने आधी काहीच लिहिलं नाही, पेन धरून बसून राहिली. मग दीनानाथांनी सांगितलं, "लिही, आई." तिने लिहिलं.

लॅपटॉप एक, चार्जरसह. झाकणावर डाव्या कोपऱ्यात ओरखडा आहे, तो आधीचा. पासवर्ड आसावरीने तोंडी सांगितला, कागदावर उतरवू दिला नाही. तपासणीच्या फायली उतरवून घेऊन ३० एप्रिलपर्यंत मी स्वतः परत आणून देईन. बाकी काही उघडणार नाही.

मी दिलं:

लिस्टवरच्या माझ्या निवेदनाच्या छापील प्रती, दोन. त्यातली एक दीनानाथांनी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली. दुसरी टेबलावर राहिली.

शार्दूलच्या ७ ऑक्टोबर २०२२ च्या मेलची छापील प्रत, एक. आसावरीने दोन्ही हातांत धरून पूर्ण वाचली आणि परत दिली. म्हणाली, "हे पत्र तुला आलेलं आहे. उत्तर तू द्यायचं राहिलं आहे." प्रत माझ्याकडे.